न्हाणीघरांतील न्यायशास्त्र

मागील अंकांत पिण्याच्या पाण्याविषयीं लिहितांना, ‘पुढील वेळीं पाणी तापविण्याच्या साधनांकडे वळूं’ असें आम्हीं म्हटलें होतें. तें वचन इतक्या लौकर आणि इतक्या मनस्तापानें पुरें करावें लागेल असें मात्र तेव्हां वाटलें नव्हतें. गेल्या माघांत आमच्या घरच्या गीझरानें सारें कुटुंब तीन आठवडे वेठीस धरलें. त्या तीन आठवड्यांत घरांत दोन तट पडले, एक निरपराधी मिक्सर शिक्षा भोगून आला, आणि चाळीस वर्षें मुलांना तर्कसंग्रह शिकविणाऱ्या आम्हांलाच एका वायरमननें तर्काचा पहिला धडा पुन्हां दिला. ही हकीगत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों. आमच्या फजितीचा भाग वगळला तर ती खरोखर उपयोगी आहे, आणि न वगळल्यास थोडी अधिक.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, आमच्या घरीं तांब्याचा बंब होता. मध्यें उभी धुराची नळी, तिच्या भोंवतीं पाणी, खालीं विस्तवाची जाळी आणि तिच्याखालीं राख. पहांटे वडील मंडळींपैकीं कोणी तरी ढलप्या घालून तो पेटवी, आणि मग वयाच्या क्रमानें स्नानें होत. कढत पाण्यांत विसण किती घालावयाचें याचा अंदाज ज्याचा त्यानें करावयाचा. हा बंब बिघडे; पण आपला बिघाड तो लपवीत नसे. धूर कोंडला तर नळींत काजळी सांचली असें समजावें; तोटीपाशीं ठिबकूं लागला तर तांबट आळींत नेऊन डाग द्यावा. दोष डोळ्यांना दिसे, नाकाला समजे, आणि फार झालें तर बोटाला चटका बसे.

गीझराचें तसें नाहीं. तो भिंतीवर एखाद्या मौनी बैराग्यासारखा बसलेला असतो. आंत काय चाललें आहे तें एका तांबड्या दिव्यावांचून कोणी सांगत नाहीं, आणि तो दिवाहि पुष्कळदा खोटें बोलतो. म्हणून त्याच्या दुखण्याचें निदान अनुमानानेंच करावें लागतें. अनुमान म्हटलें कीं तें आमचें क्षेत्र, असा आमचा समज होता.

प्रकरण असें सुरू झालें. आमचें कुटुंब अकरा माणसांचें. खालच्या मजल्यावर आमच्या थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां आणि धाकटे बंधु. वर पुतण्या, त्याची पत्नी, आमचा मुलगा, सून आणि तीन नातवंडें. खालच्या न्हाणीघरांत २५ लिटरांचा, २००० वॅटांचा गीझर आहे. एके दिवशीं पहांटे तो लावून दहा मिनिटें झालीं न झालीं तोंच साऱ्या घराची वीज गेली. पाहिलें तों जिन्याखालच्या पेटींतील मुख्य रक्षक-बटण खालीं पडलेलें. तें वर केलें, वीज आली. दहा मिनिटांनीं पुन्हां गेली. ‘गीझर लावल्यावर जाते’ एवढें निश्चित झालें.

या बटणाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढील गोष्ट समजणार नाहीं. घरोघरच्या पेट्यांत दोन जातींचीं बटणें असतात. एक जात ‘एमसीबी’ची. तारेंतून मर्यादेबाहेर वीज वाहूं लागली कीं तें पडतें. तें तारांचें रक्षण करतें, माणसांचें नव्हे. दुसरें ‘आरसीसीबी’, जुने कारागीर त्यालाहि ‘ईएलसीबी’च म्हणतात. याचें काम अगदीं हिशेबनिसाचें. वीज एका तारेनें घरांत येते आणि दुसरीनें परत जाते. जितकी गेली तितकीच परत आली पाहिजे. परत येणाऱ्या विजेंत ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे तेवढी वीज वाट चुकून जमिनींत, पाण्यांत किंवा माणसाच्या अंगांतून जात आहे असें धरून तें निमिषाच्या एका लहानशा भागांत सारें घर बंद करतें. आमचा गीझर चालूं असतां जवळजवळ ९ अँपिअर वीज घेतो. म्हणजे ही तूट त्याच्या सुमारें तीनशेव्या भागाएवढी. एमसीबीला ती दिसावयाची देखील नाहीं. पण माणसाला ती पुरे होते. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आंखडून धरलेली वस्तु सोडतां येत नाहीं. आणि तीसाच्या पुढचा प्रवाह छातींतून कांहीं क्षण वाहात राहिला तर हृदयाचा ठेका चुकतो.

हें बटण आमच्या घरीं कां आलें, तें आम्ही सहसा सांगत नाहीं. २००९ सालच्या हिवाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी, शिक्षणासाठीं परगांवीं खोली घेऊन राहिलेला, बादलींत बुडवावयाच्या विजेच्या कांबेनें पाणी तापवीत होता. पाणी तापलें कीं नाहीं तें त्यानें बटण चालूं असतांनाच हात घालून पाहिलें. मुलगा हुशार होता; त्याचे समास कधीं चुकत नसत. त्याच्या वडिलांना भेटून परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत आम्हीं हें रक्षक-बटण बसवून घेतलें. त्यावर ‘टी’ अक्षराची एक लहानशी कळ असते. ती दाबली कीं बटण पडलें पाहिजे. महिन्यांतून एकदां ती दाबून पाहावी. विसर पडूं नये म्हणून आम्हीं तिला संकष्टीचा दिवस नेमून दिला आहे. चंद्रोदयाची वाट पाहातां पाहातां तेवढें एक काम उरकतें.

आतां मूळ हकीगतीकडे. पुतण्यानें एक तरुण कारागीर बोलाविला. त्यानें थंड गीझराचें झांकण काढून मापकयंत्र लाविलें. तापविणाऱ्या कांबेचा विरोध २६ ओहम भरला. २००० वॅटांच्या कांबेचा तो तितकाच असावा लागतो. कांबेच्या आवरणाकडे गळती दिसली नाहीं. ‘कांब चांगली आहे, थर्मोस्टॅट गेला,’ असा त्यानें निकाल दिला आणि नवा थर्मोस्टॅट बसविला. चार दिवस बरे गेले. पांचव्या दिवशीं गीझर लावतांक्षणींच वीज गेली.

येथें आम्हीं खटला आपल्या हातीं घेतला. अन्वय आणि व्यतिरेक हे कार्यकारणाचे दोन साक्षीदार. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. गीझर चालूं तेव्हां वीज जाते, हा अन्वय तर सिद्धच होता. आतां गीझर बंद ठेवून वीज जात नाहीं असें दिसलें कीं व्यतिरेकहि सिद्ध, आणि गीझर दोषी. आम्हीं घरांत सर्वांना निक्षून सांगितलें कीं दोन दिवस गीझराच्या बटणाला कोणीं हात लावावयाचा नाहीं; स्नानाचें पाणी गॅसच्या शेगडीवर तापवावें. वहिनी हंसल्या. त्यांना बंबाचे दिवस आठवले असावेत.

त्याच दुपारीं सूनबाईनें चटणी वाटावयास मिक्सर लाविला आणि वीज गेली. गीझर बंद होता. संध्याकाळीं पुतण्यानें इस्त्री लाविली, वीज गेली. गीझर बंद होता. रात्रीं दोन वाजतां रेफ्रिजरेटराचें यंत्र आपण होऊन सुरू झालें, आणि पुन्हां अंधार. एका दिवसांत तीनदां व्यभिचार! येथें हा शब्द न्यायशास्त्राच्या अर्थानें घ्यावा. कारण नसतांहि कार्य घडत आहे, तेव्हां तें कारणच नव्हे. आम्हीं गीझराला ससन्मान निर्दोष ठरविलें. मिक्सर दुरुस्तीला गेला. दोन दिवसांनीं तो नवे कार्बन आणि बिल घेऊन परत आला, आणि लावतांक्षणींच त्यानें वीज घालविली.

वहिनींचें म्हणणें यावर असें पडलें कीं, ‘‘एका घरांत इतके चोर एकदम कसे निघतील, भाऊजी? दाराच्या कडींतच कांहीं तरी असेल.’’ विचार अगदीं रास्त होता. जी ती वस्तु लावली कीं बटण पडतें, तर दोष वस्तूंत नसून बटणांतच असला पाहिजे. तरुण कारागिराचें मतहि तेंच झालें. ‘‘हें फार हळवें झालें आहे, काका. काढून तारा सरळ जोडून देतों. अर्ध्या शहरांत हें नाहींच आहे; लोक काय मरतात?’’ आम्हीं नको म्हटलें. नवें आणून बसवूं, पण काढावयाचें नाहीं, असें सांगून आम्ही एका मुंजीसाठीं तीन दिवस वाईस गेलों.

परत आलों तों घरांत आनंदीआनंद. मिक्सर चालत होता, इस्त्री चालत होती. एवढेंच नव्हे, गीझरहि चालत होता. वहिनी तीन दिवस ऊन पाण्याचें स्नान करून प्रसन्न दिसत होत्या. बटण बदललें काय, असें आम्हीं विचारलें. ‘‘झालें सगळें ठीक,’’ एवढेंच उत्तर मिळालें, आणि प्रवासाच्या शिणानें आम्हीं अधिक खोलांत शिरलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं संकष्टी होती. संवयीप्रमाणें जिन्याखालीं जाऊन आम्हीं कळ दाबली. बटण पडलें नाहीं. पुन्हां दाबली. पेटीचें झांकण उघडून पाहिलें तों बटण जागच्या जागीं होतें, पण एकहि तार त्याला जोडलेली नव्हती. दोन्ही तारा त्याला वळसा घालून परस्पर जोडल्या होत्या. बाहुलें उभें होतें, पहारेकरी गेला होता.

आम्हीं मुख्य खटका ओढून सारें घर बंद केलें. पुतण्या वरून धांवत आला. त्याच्या कचेरीचें काम चाललें होतें तें तुटलें, आणि थोरल्या नातीची सराव-परीक्षाहि संगणकावर चालूं होती ती तुटली. त्यानेंच कारागिराला मुभा दिली होती. तो वाईट मुलगा नाहीं. अकरा माणसांच्या घरांत दिवसांतून चारदां अंधार होणें म्हणजे काय, तें घर चालविणाऱ्यालाच ठाऊक. आम्हांसारख्या निवृत्त मनुष्याला अंधारांत जप करतां येतो, त्याला काम करतां येत नाहीं. पण त्या क्षणीं आम्हांला हें सुचलें नाहीं. त्या विद्यार्थ्याचें नांव आमच्या तोंडून गेलें, आणि वहिनी तीन दिवस त्या पाण्याखालीं उभ्या होत्या हेंहि. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्या रात्रीं घरांत कोणीच फारसें बोललें नाहीं, आणि चंद्रोदय झाल्यावर मोदक तसेच राहिले.

सकाळीं पुतण्या स्वतःच एका वृद्ध वायरमनला घेऊन आला. सत्तरीच्या आंतबाहेरचे गृहस्थ, पिशवींत हातानें फिरवावयाचा जुना मेगर. त्यांनीं प्रथम रक्षक-बटणाच्या तारा होत्या तशा जोडल्या. मग घरांतील प्रत्येक उपकरणाची पिन भिंतींतून काढावयास लाविली आणि कळ दाबली. बटण तत्काळ पडलें. ‘‘हें ठणठणीत आहे,’’ ते म्हणाले. नंतर त्यांनीं आमची सर्व हकीगत शांतपणें ऐकून घेतली. अन्वय, व्यतिरेक, मिक्सर, इस्त्री, रेफ्रिजरेटर, सर्व. आणि विचारलें, ‘‘गुरुजी, गीझराचं बटन बंद केलंत. पिन काढली होतीत का?’’

पिन आम्हीं काढली नव्हती. बटण बंद म्हणजे गीझर बंद. त्यांत पिन कशास काढावयाची? ‘‘मग तो बंद कुठं होता?’’ असें म्हणून ते न्हाणीघरांत गेले, पिन ओढली, आणि सूनबाईस मिक्सर लावावयास सांगितलें. मिक्सर चालला. इस्त्री चालली. दोन्ही एकदम चाललीं. पिन परत घातली, बटण बंदच ठेविलें, मिक्सर लाविला, वीज गेली.

हें कसें झालें तें वाचकांनीं सावकाश समजून घ्यावें, कारण येथें पुष्कळ शहाणे फसतात. भिंतीवरचें साधें बटण दोन तारांपैकीं एकच तोडतें. वीज घेऊन येणारी, जिला ‘फेज’ म्हणतात ती. परत नेणारी तार, ‘न्यूट्रल’, बटण बंद असतांहि उपकरणाला जोडलेलीच राहते. आमच्या गीझराच्या कांबेचें आवरण चिरलें होतें, आणि तेंहि नेमकें न्यूट्रलच्या टोकाजवळ. म्हणजे ती परतीची तार कांबेच्या चिरेंतून गीझराच्या पाण्याला, पाण्यांतून टांकीला, आणि टांकीच्या अर्थिंगच्या तारेनें थेट जमिनीला भिडली होती. आतां स्वयंपाकघरांत मिक्सर चालूं झाला, कीं त्याची परत जाणारी वीज मुख्य पेटीकडे जाऊं लागे. वाटेंत तिला एक फांटा मिळे. बहुतेक वीज सरळ मार्गानें जाई, पण थोडी गीझराच्या चिरेंतून जमिनींत उतरे. हिशेबनीस बटणाला तूट दिसे आणि तें पडे. दिवे आणि पंखे यांची वीज थोडी, त्यांतून गळणारा अंश अगदींच अल्प. म्हणून त्यांच्यानें कांहीं होत नसे. भारी उपकरण लागलें कीं गळती मर्यादा ओलांडी. म्हणजे बंद असलेला गीझर दुसऱ्यांची वीज चोरीत होता, आणि चोरीचा आळ मिक्सरावर येत होता.

आमचा व्यतिरेक खोटा नव्हता. आमचा अभाव खोटा होता. ‘गीझर नाहीं’ असें म्हणतांना तो अर्धा होताच. अभावाचे चार प्रकार विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेणाऱ्यानें, अभाव खरोखर आहे कीं नाहीं तें पाहूं नये, ही गोष्ट आम्हांला त्या दिवशीं फार लागली. वायरमन मात्र सहज म्हणाले कीं, मोठमोठे इंजिनिअर येथें चुकतात. हें त्यांनीं आमच्या समाधानासाठीं म्हटलें असावें.

पहिल्या कारागिराच्या मापांत गळती कां दिसली नाहीं, हेंहि त्यांनीं सांगितलें. त्या वेळीं चीर बारीक होती, आणि कांब थंड होती. ती तापून प्रसरण पावली म्हणजे चीर उघडे. तेवढ्यास दहा मिनिटें लागत. पुढें चीर वाढली आणि गळती अखंड झाली. शिवाय हातांतल्या साध्या मापकयंत्रांत दोन-चार व्होल्टांचा जोर असतो. मेगर ५०० व्होल्टांनीं तपासतो, म्हणून लपलेला दोषहि त्याला सांपडतो. आमच्या कांबेला त्यांनीं मेगर लाविला तेव्हां कांटा शून्याशीं जाऊन टेकला.

मग गीझर उघडण्याचें काम. पिन काढलेली, वरच्या टांकीकडून येणारी तोटी बंद, ऊन पाण्याचा नळ उघडा, आणि खालून सर्व पाणी बादल्यांत काढून घेतलें. बूड उघडून कांब बाहेर येतांच घरांतील सर्व मंडळी न्हाणीघराच्या दाराशीं जमली. कांब कसली, चुन्याची कुडी! करंगळीएवढ्या तांब्याच्या नळीवर अंगठ्याएवढा पांढरा थर. टांकीच्या तळाशीं त्याच पांढऱ्या खपल्या, एक तपेलीभर निघाल्या. धाकट्या नातवानें त्या पाटीवर घासून पाहिल्या, खडूसारख्या उमटल्या.

हा थर कोठून येतो? पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना हवेंतील व मातींतील कार्बन डायॉक्साइड घेऊन मुरतें, आणि खडकांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे अंश विरघळवून बायकार्बोनेट होऊन राहतें. पाणी तापलें कीं बायकार्बोनेट फुटतें. वायु निघून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट मागें राहतो. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते. चुन्याच्या या क्षाराचें उलट आहे. म्हणून तो नेमका सर्वांत तापलेल्या जागीं, म्हणजे कांबेवरच, बसतो. आमच्या घरीं पूर्वीं खडकवासल्याच्या धरणाचेंच पाणी टांकींत येई आणि त्याचा असा त्रास नव्हता. गेलीं कांहीं वर्षें उन्हाळा लागला कीं अंगणांतील बोअरचें पाणी मिसळावें लागतें. कळशीच्या कांठावर पांढरें वळें दिसूं लागलें तेव्हांच आम्हांला कळावयास हवें होतें.

थर बसला कीं कांबेची उष्णता पाण्यांत जात नाहीं. कांब आंतल्या आंत जळते. तिच्या मधोमध तापणाऱ्या तारेचें वेटोळें असतें, आणि तें व बाहेरची तांब्याची नळी यांमध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊं देते, वीज जाऊं देत नाहीं. पण नळी चिरली आणि पूड ओली झाली कीं तिचा तो गुण जातो. ‘हल्लीं पाणी तापावयास फार वेळ लागतो’ अशी सूनबाईची तक्रार सहा महिने होती, ती याचीच पूर्वसूचना होती. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास एक युनिटाहून किंचित् अधिक वीज लागते. २००० वॅटांच्या कांबेनें तें काम अर्ध्या तासांत झालें पाहिजे. आमच्याकडे पाऊण तास लागत होता. घड्याळ लावून एवढें जरी पाहिलें असतें, तरी दुखणें चिरेपर्यंत गेलें नसतें.

कांबेशेजारीं आणखी एक दांडा असतो, मॅग्नेशियमचा. त्याचें काम म्हणजे केवळ झिजणें. पाण्यांतील धातुभक्षक रासायनिक क्रिया आधीं त्याला खाते आणि टांकीचें पोलाद वांचतें. तो संपला कीं टांकी गंजूं लागते. आमच्या दांड्याची मधली तारच उरली होती. बारा वर्षांत त्याच्याकडे कोणींहि पाहिलें नव्हतें. कडक पाण्याच्या घरीं दीड-दोन वर्षांनीं गीझर उघडून ही दोन्ही पाहावींत.

दुरुस्तीचें फार वर्णन नको. टांकीच्या आंत काचेसारखा मुलामा असतो, म्हणून खपल्या लांकडी पट्टीनेंच काढल्या आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यानें तळ धुतला. नवी कांब, नवा दांडा, नवें रबराचें वायसर. बूड बसवितांना चाक्या समोरासमोरच्या क्रमानें आंवळल्या. मग एक गोष्ट त्यांनीं सूनबाईला तीनदां बजावून सांगितली: पिन घालण्यापूर्वीं टांकी भरलीच पाहिजे. ऊन पाण्याचा नळ उघडा ठेवावा. त्यांतून हवेचे फुत्कार थांबून सलग धार लागली कीं टांकी भरली. कोरडी कांब एका मिनिटांत जळते. थर्मोस्टॅटहि त्यांनीं ७५ वरून ६० अंशांवर आणून ठेविला. जितकें पाणी अधिक तापवावें तितका थर अधिक. आणि ६० च्या फार खालीं ठेवणेंहि बरें नव्हे, कोमट सांठलेल्या पाण्यांत रोगजंतु वाढतात.

या निमित्तानें पुतण्याची एक सूचना आम्हीं फेटाळली, ती सांगतों. गॅसचा गीझर घ्यावा म्हणजे विजेची कटकटच नको, असें तो म्हणाला होता. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरांत लावला आणि खेळती हवा नसली, तर अपुऱ्या ज्वलनानें कार्बन मोनॉक्साइड वायु होतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. मनुष्य गुंगींत जातो आणि दार आंतून लावलेलें असतें. लावावयाचाच तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्यावर लावावा. गीझराच्या सुरक्षा-झडपेंतून पाणी तापतांना चार थेंब गळतात, तो मात्र दोष नव्हे. पाणी प्रसरण पावतें त्याचे ते थेंब. ती झडप चिंधी कोंबून बंद करणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

सर्व आटोपल्यावर वायरमननीं गीझराची पिन उघडली आणि आम्हांला जवळ बोलावून दाखविली. अर्थिंगची तार हिरवी पडून सुटत आली होती. तिच्या धाग्यांपैकीं पांच-सहाच कसे तरी स्क्रूखालीं धरून होते. रक्षक-बटण काढलेलें होतें त्या तीन दिवसांत वहिनींच्या आणि त्या गळक्या कांबेच्या मध्यें एवढेच धागे होते. पुतण्यानें ते पाहिले. त्यानें वायरमनना विचारून जुन्या बटणाच्या जागीं दोन्ही तारा एकदम तोडणारें बटण, ज्याला ते ‘डीपी स्विच’ म्हणतात, त्याच दिवशीं आणून बसविलें, आणि पिनेंतील तार त्यांच्या देखरेखीखालीं स्वतःच्या हातानें बदलली.

पुढच्या संकष्टीला आम्ही जिन्याखालीं गेलों तेव्हां बटण आधींच पडलेलें होतें, आणि पुतण्या तें वर करीत होता. मिक्सराच्या दुरुस्तीचे पैसे कोणीं द्यावयाचे, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाहीं. सूनबाईच्या मतें ते आम्हीं द्यावेत.